युरोपीय संघाशी वाटाघाटी: बैठकीआधीची तयारी

आधी २७ सदस्य देशांचा तक्ता करा आणि प्रत्येकापुढे लोकसंख्येचा वाटा लिहा: जर्मनी सुमारे १९ टक्के, फ्रान्स १५, इटली १३, स्पेन ११, पोलंड ८. व्यापार कराराला मंत्रिपरिषदेत, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत, किमान १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या, असा दुहेरी कौल लागतो. अडवायचं तर ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या आणि निदान ४ देश हवेत. म्हणजे बर्लिन, पॅरिस, रोम एकत्र आले तरी चौथा गडी लागतोच.

मग हा हिशेब मर्कोसुर करारावर, म्हणजे दक्षिण अमेरिकी देशांच्या व्यापारगटाशी झालेल्या करारावर, पडताळून पाहा. ९९,००० टन गोमांस ७.५ टक्के शुल्कात येणार म्हणून फ्रान्स अडून बसला. ९ जानेवारी २०२६ च्या मतदानात त्याच्यासोबत पोलंड, ऑस्ट्रिया, आयर्लंड, हंगेरी होते. देश पाच झाले, पण लोकसंख्या २९ टक्क्यांच्या आसपासच राहिली. पारडं फिरवलं ते कराराच्या बाजूने गेलेल्या इटलीने, आणि तेही शेतीच्या निधीबद्दल ब्रुसेल्सकडून आश्वासन पदरात पाडून घेतल्यावर. त्यामुळे बड्या देशाला आपल्याकडून काय हवं याच्या शेजारीच त्याला संघाकडून काय हवं, हा रकाना ठेवाच. बहुतेक तयारी इथेच तोकडी पडते.

मतदानाची पद्धत न तपासता अंदाज बांधू नका. चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या शुल्काला ४ ऑक्टोबर २०२४ रोजी जर्मनीचा विरोध होता. बाजूने १०, विरोधात ५, तटस्थ १२. तरी शुल्क लागलं, कारण तिथे युरोपीय आयोगाचा (संघाच्या कार्यकारी यंत्रणेचा) प्रस्ताव फेटाळायलाच दुहेरी बहुमत लागत होतं. करार मंजूर करताना तटस्थ मत विरोधात जमा होतं. इथे तेच आयोगाच्या पथ्यावर पडलं.

करार निव्वळ व्यापाराचा आहे की राष्ट्रीय संसदांकडेही जाणार, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. दुसऱ्या प्रकारात लहानसा प्रांतही खोळंबा करतो: २०१६ मध्ये वालोनियामुळे बेल्जियमची सही अडली आणि कॅनडाबरोबरची ठरलेली शिखर बैठक पुढे गेली.

बोलणी आयोगाशीच करा. राजधान्यांत जरूर जा, पण माहिती घ्यायला. एका देशाला फोडायचा प्रयत्न दिसला की बाकीचे आयोगामागे एकवटतात.

शेवटचा रकाना निवडणुकांचा. फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरी एप्रिल २०२७ मध्ये आहे. त्याआधीच्या महिन्यांत गोमांस, कोंबडी, साखरेच्या कोट्यावर पॅरिसकडून सवलत मिळेल असं गृहीत धरू नका.