शामोनीच्या खोऱ्यात पायी कसं फिरावं

फ्रान्सच्या शामोनीत पोचलेला पर्यटक बहुधा पहिल्याच सकाळी एग्वीय दु मिदी या सुळक्याच्या रोपवेच्या रांगेत दिसतो. १०३५ मीटरवरच्या गावातून वीसेक मिनिटांत ३८४२ मीटरवर. तिथे डोकं जड होतं, नाक गोठतं, चार फोटो निघतात आणि ‘मों ब्लां (आल्प्सचं सर्वात उंच शिखर) पाहिला’ म्हणून मंडळी खाली उतरतात. माझं मत उलटं आहे. डोंगर बघायचा तर त्याच्या अंगावर चढून नाही, समोर जाऊन बघावा, आणि या खोऱ्यात समोरची रांग आयती उभी आहे. तिथून सुरुवात करा. एग्वीय दु मिदी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, अंग हवेला सरावल्यावर.

आधी खोरं डोक्यात बसवा

आर्व्ह नदीचं हे खोरं नैऋत्य-ईशान्य पसरलं आहे. खालच्या टोकाला लेझूश, मधोमध शामोनी, वर अर्जांतिएर, त्याच्याही वर १४६१ मीटरची कोल दे मोंते ही खिंड आणि खिंडीपलीकडे वालोर्सिन. तिथून स्वित्झर्लंड हाकेच्या अंतरावर. आग्नेयेला मों ब्लांची रांग, म्हणजे ग्रॅनाइटचे सुळके आणि हिमनद्या. वायव्येला एग्वीय रूज. ही बुटकी, तांबूस खडकाची, आणि तिचा उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे तिथलं बर्फ आधी वितळतं. दोन्ही रांगांच्या अंगावर, झाडी संपते त्या उंचीला, लांबलचक आडव्या वाटा आहेत. सह्याद्रीत आपण ज्याला ट्रॅव्हर्स म्हणतो तेच, फक्त मैलोन्‌मैल. या वाटांना इथे बाल्कनी म्हणतात.

शामोनी, अर्जांतिएर आणि लेझूश या गावांना बस आणि छोटी लाल रेल्वे जोडते. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांसाठी मिळणारं कार्ड आठवणीने मागून घ्या. बस-रेल्वेला त्याचा उपयोग होतो. त्यामुळे एका गावातून चढून दुसऱ्या गावात उतरता येतं, गाडीपाशी परत यायची सक्ती राहत नाही.

महिना निवडा

उन्हाळी रोपवे साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतात, प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. जूनच्या अखेरीसही उंचावरची तळी बर्फाखाली असू शकतात आणि वाटेवर बर्फाचे कडक पट्टे आडवे येतात. मध्य जुलै ते सप्टेंबरचा पहिला आठवडा हा काळ सगळ्यात बिनघोर. आपल्याकडे तेव्हा घाटमाथे धुक्यात असतात, त्यामुळे कोरडी वाट हवी असणाऱ्याला हे सोयीचंच.

अंतर नको, चढ मोजा

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात. त्यात थांबणं, खाणं, फोटो धरलेले नसतात. साधारण माणूस तासाला ३०० मीटर उंची चढतो, असं धरून चाला आणि पाटीवरच्या वेळेत एक तृतीयांश वाढवा. लांब पल्ल्याच्या वाटांवर दगडा-झाडांवर पांढरा-लाल पट्टा रंगवलेला असतो. तेच दोन रंग फुलीच्या आकारात दिसले, तर ती वाट आपली नाही. १:२५,००० प्रमाणाचा आयजीएनचा (फ्रान्सची सरकारी नकाशा संस्था) कागदी नकाशा घ्याच. थंडीत फोनची बॅटरी बसते.

कळसूबाईचं टोक १६४६ मीटरवर आहे आणि इथे रोपवेची मधली स्टेशनंच त्याहून वर. २००० मीटरवर बहुतेकांना विरळ हवेचा त्रास होत नाही, पण धाप लवकर लागते. पहिल्या दिवशी खालच्या पेती बाल्कों स्यूदवर (एग्वीय रूजच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरची छोटी बाल्कनी) झाडीतून दोन-तीन तास हिंडा. त्यात गुडघे काय म्हणतात तेही कळतं.

दुसरा दिवस: दक्षिणेची मोठी बाल्कनी

शामोनीजवळच्या ले प्राहून रोपवेने फ्लेजेर (१८७७ मीटर) गाठा आणि चालत प्लांप्राला (२००० मीटर) या. साधारण दोन-अडीच तास, चढउतार किरकोळ. उलट दिशेनेही जाता येतं, पण मग मों ब्लां पाठीशी राहतो. फ्लेजेरकडून निघालात तर तो सतत समोर, आणि डावीकडे हिमनद्या एकामागून एक सरकत जातात. प्लांप्राहून शामोनीला उतरायला रोपवे आहेच. दम उरला असेल, तर वरच्या टप्प्याच्या रोपवेने २५२५ मीटरच्या ब्रेव्हांवर जाऊन या.

तिसरा दिवस: लाक ब्लां

२३५२ मीटरवरचं हे तळं. समोर एग्वीय व्हेर्त (४१२२ मीटर), द्र्यूचे सुळके, मेर द ग्लास ही हिमनदी, तिच्या मागे ग्रांद जोरास. फ्लेजेरहून चढत गेलात तर पावणेदोन-दोन तास आणि पावणेपाचशे मीटर चढ. चेअरलिफ्टने आंदेक्सला (२३९६ मीटर) गेलात तर तास-सव्वा तासाची, जवळजवळ सपाट पण खडकाळ वाट. आंदेक्सवरून जाणं आणि शेझरीच्या छोट्या तळ्यांवरून फ्लेजेरला उतरणं, हा माझ्या मते उत्तम फेरा. शेझरीच्या पाण्यात मों ब्लांचं प्रतिबिंब पडतं आणि तिथे गर्दीही बरीच कमी.

एक गोष्ट माहितीपुस्तकांत क्वचितच सापडते. समोरची रांग आग्नेयेला असल्यामुळे सकाळी सूर्य तिच्या मागून येतो, कडे काळपट दिसतात आणि फोटो फसतात. दुपार उतरल्यावर ऊन त्या कड्यांवर पडतं. म्हणून तळ्याकाठच्या रेफ्यूजमध्ये रात्र काढणं खरं फायद्याचं. जागा मात्र काही महिने आधी राखावी लागते. रेफ्यूज म्हणजे डोंगरातलं निवासघर. बूट दाराशी काढायचे, स्वतःचं पातळ स्लीपिंग लायनर न्यायचं, सात वाजता सगळ्यांबरोबर जेवायचं. शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच कळवा, आणि अंडं चालत नसेल तर तेही स्पष्ट लिहा, कारण इथल्या शाकाहारात अंडं आणि चीज गृहीत असतं. दशम्या, चिक्की आणि शेंगदाण्याचे लाडू पिशवीत असले की दुपारची काळजी मिटते. संध्याकाळी तळ्याच्या आसपास आयबेक्स (डोंगरी रानबकरा) दिसण्याची शक्यता चांगली असते. जवळ जाऊ नका. हा एग्वीय रूजचा राखीव नैसर्गिक प्रदेश आहे. इथे कुत्रा आणायला बंदी आहे आणि तंबू कुठे, केव्हा लावता येतो याचे नियम कडक आहेत.

हात-पाय चांगले असतील तर याच तळ्यावर अर्जांतिएरच्या वरच्या त्रे-ल-शांहून लोखंडी शिड्यांच्या वाटेने जा. मों ब्लांभोवतीच्या सुमारे १७० किलोमीटरच्या परिक्रमेचा हा एक टप्पा. कळसूबाईच्या शिड्या चढलेल्याला यात नवल नाही, पण इथल्या उघड्या कड्यावर आहेत. चढतानाच वापरा, उतरताना नको. पाऊस पडत असेल तर अजिबात नको.

चौथा दिवस: उत्तरेची बाल्कनी

आता पलीकडची, उत्तरेकडे उतार असलेली रांग. एग्वीय दु मिदीला जायचं असेल तर आजच, पहिल्या रोपवेने, लोकरी टोपी आणि हातमोज्यांसह. उतरताना मधल्या स्टेशनावर (२३१७ मीटर) उतरा आणि आडव्या वाटेने मोंतांव्हेर (१९१३ मीटर) गाठा. अडीच-तीन तास, एकंदर उतरण. मोंतांव्हेरला दातेरी रुळांची रेल्वे १९०९ पासून येते. तेव्हा प्रवासी उतरून थोड्याच अंतरावर मेर द ग्लास हिमनदीला टेकत. पुढे बर्फ खचत गेलं तशा शेकडो पायऱ्या उतराव्या लागू लागल्या, आणि बर्फ कोणत्या साली कुठवर होतं हे सांगणाऱ्या पाट्या वाटेत लागतात. १९९० ची पाटी बघून खाली वाकून बर्फ शोधावं लागतं. हवामानबदलावरचं दुसरं व्याख्यान ऐकायची गरज उरत नाही.

बूट, पाणी, आभाळ

सह्याद्रीत लाडके असलेले अ‍ॅक्शनचे बूट कोरड्या बाल्कनीवर चालून जातील. बर्फाचा पट्टा आला की मऊ सोल घसरतो, म्हणून जुलैआधी जाणार असाल तर कडक सोलचे बूट आणि काठ्या हव्यात. पाणी दीड-दोन लिटर. वर मेंढ्या-गायी चरतात, तेव्हा ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका. कॅप, गॉगल, सनस्क्रीन आणि एक वारा-पावसाचं जाकीट उन्हातही पाठीवर असू द्या.

आल्प्समध्ये उन्हाळी वादळ बहुधा दुपारनंतर उठतं. सकाळी लवकर निघा आणि दोनच्या आत उघड्या धारेवरून खाली या. आदल्या संध्याकाळी मेतेओ-फ्रान्स या तिथल्या हवामान खात्याचा अंदाज पाहा. शामोनीच्या चर्चशेजारी मेझों द ला मोंताञ आहे. तिथल्या पर्वत-कचेरीत कुठल्या वाटेवर किती बर्फ आहे, ते मोफत सांगतात. आणि शेवटच्या रोपवेची वेळ सकाळीच टिपून ठेवा. तो चुकला तर आठशे-हजार मीटर उतरण गुडघ्यांनी भरावी लागते.

शिखर खुणावत असेल तर

हिमनदीवर पाऊल टाकलं की ते चालणं संपलं, गिर्यारोहण सुरू झालं. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात. दोर, क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे लोखंडी काटे), आइस अ‍ॅक्स आणि त्यांचा वापर येणारा सोबती हवाच. शामोनीच्या वाटाड्यांची संस्था १८२१ पासून आहे. ८ ऑगस्ट १७८६ ला जाक बाल्मा आणि डॉ. मिशेल पाकार मों ब्लांवर पोचले, तेव्हापासून तो ‘सोपा’ म्हणून बदनाम आहे. नेहमीच्या गूते वाटेवर दगड कोसळणारी घळ आडवी ओलांडावी लागते. २०२२ च्या उन्हाळ्यात उष्म्याने दगड इतके सुटले की वाटाड्यांनी त्या वाटेने लोकांना नेणं काही काळ थांबवलं. या वाटेवरच्या रेफ्यूजमध्ये आरक्षण असल्याशिवाय मुक्काम करता येत नाही. ज्याला खरंच जायचं आहे, त्याने आधी उत्तरकाशीचं नेहरू इन्स्टिट्यूट किंवा दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटनियरिंग इन्स्टिट्यूट) इथे बेसिक कोर्स करावा, मग गाइड ठरवावा.

अडचण आली तर

क्रमांक ११२. शामोनीतलं सरकारी बचाव पथक डोंगरातून खाली आणण्याचे पैसे घेत नाही, पण पुढचा दवाखान्याचा खर्च तुमचा. व्हिसासाठी काढलेल्या विम्यात ट्रेकिंग आणि उंचीची मर्यादा काय लिहिली आहे, ते घरीच वाचा. परिक्रमेत स्विस हद्दीत गेलात तर तिथे हेलिकॉप्टरचं बिल येतं. हेलिकॉप्टर दिसल्यावर मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, तिरके पसरून उभे राहा. नको असेल तर एक हात तिरका वर आणि दुसरा तिरका खाली. गंमत म्हणून दोन्ही हात हलवून वैमानिकाला टाटा करू नका.