सर्वेक्षणातले गुण: आडव्या शीटचा उभा तक्ता कसा करावा

समजा, इंदूरच्या एका मराठी मंडळाने सभासदांना विचारले, ‘सराफ्यातल्या (रात्रीच्या खाऊबाजारातल्या) पाच पदार्थांना १ ते ५ गुण द्या.’ भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबा, दहीवडा आणि साबुदाण्याची खिचडी. ६० जणांनी गूगल फॉर्म भरला. हाती येणारी शीट आडवी असते: माणशी एक ओळ आणि दर पदार्थाला एक रकाना. वाचायला ती सोयीची असते, पण विजयनगर आणि राजवाडा भागातल्या लोकांच्या आवडीची तुलना करायला गेलात की अडते, कारण पदार्थांची नावे शीर्षकांत अडकलेली असतात. आपल्याला हवी दर गुणाची एक ओळ. ६० माणसे, ५ पदार्थ, म्हणजे ३०० ओळी.

१. क्रमांक द्या. मूळ शीट तशीच ठेवा आणि प्रतीवर काम करा. डावीकडे नवा रकाना घालून प्रत्येकाला १ ते ६० क्रमांक द्या. हा रकाना नसेल तर पुढे कोणते पाच गुण एकाच माणसाचे, हे कळायला मार्ग उरत नाही.

२. शीर्षके आवरा. ग्रिड प्रश्न (एकाच प्रश्नाखाली सगळ्या पदार्थांचा तक्ता) असेल तर प्रत्येक शीर्षकात अख्खा प्रश्न येतो आणि शेवटी चौकटी कंसात पदार्थ. फक्त पदार्थ ठेवा.

३. शब्दांचे आकडे करा. उत्तरे ‘आवडले’, ‘खूप आवडले’ अशी असतील तर फाइंड-रिप्लेस जपून वापरा. आधी ‘आवडले’च्या जागी ४ घातलेत, तर ‘खूप आवडले’चे ‘खूप ४’ होते. पूर्ण सेल जुळवण्याचा पर्याय निवडा. एखादा प्रश्न उलटा असेल (‘फार तेलकट वाटले’), तर त्याचे गुण ६ मधून वजा करा. ५ चा १ होतो, ३ तसाच राहतो.

४. रिकाम्या जागा. इथे घाई नको. गराडू हिवाळ्यातला पदार्थ. उन्हाळ्यात इंदूरला राहायला आलेल्याने तो चाखलेलाच नसेल आणि रकाना रिकामा सोडला असेल. तिथे शून्य घालू नका. शून्य आपल्या मापात नाहीच, आणि ते घातले की बिचाऱ्या गराडूची सरासरी फुकट घसरते. रिकामे ते रिकामेच ठेवा.

५. उभे करा. एक्सेलमध्ये डेटा टॅबवरून ‘फ्रॉम टेबल/रेंज’ने पॉवर क्वेरी (एक्सेलमधले तक्ते बदलण्याचे साधन) उघडा. क्रमांक, वय, वस्ती असे पदार्थांखेरीजचे सगळे रकाने निवडून उजवी क्लिक करा आणि ‘अनपिव्हट अदर कॉलम्स’ घ्या. ‘ॲट्रिब्यूट’ला ‘पदार्थ’ आणि ‘व्हॅल्यू’ला ‘गुण’ असे नाव द्या. आर या संख्याशास्त्राच्या भाषेत हेच काम ‘पिव्हट लॉंगर’ करते, पायथनच्या पांडाज या लायब्ररीत ‘मेल्ट’.

६. ओळी मोजा. पॉवर क्वेरी रिकाम्या जागांच्या ओळी गुपचूप गाळते. म्हणजे १२ जागा रिकाम्या असतील तर २८८ ओळी यायला हव्यात. तेवढ्या नसतील तर पुढे जाऊ नका.

आता पिव्हट टेबल (ओळींचा गोषवारा देणारा तक्ता) करा, पण नुसत्या सरासरीवर थांबू नका. सगळ्यांनी ३ दिले तरी सरासरी ३, आणि निम्म्यांनी १ व निम्म्यांनी ५ दिले तरी ३. पदार्थ ओळींत, गुण रकान्यांत आणि चौकटीत किती जणांनी तो गुण दिला, ही मांडणी मला सरासरीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

पदार्थांमधला फरक खरा की योगायोगाचा, हे पाहणारी संख्याशास्त्रीय चाचणी निवडताना ३०० ओळींना ३०० माणसे समजू नका. काही जण सगळ्यांनाच ५ देतात, काहींचा हात आखडता. एका माणसाचे गुण एकमेकांशी बांधलेले असतात. म्हणून पदार्थांची तुलना करायला फ्रीडमन चाचणी घ्या, ती प्रत्येक माणसाच्या गुणांचा आपापसातला क्रम पाहते. तिला दर माणसाचे सगळे गुण लागतात, एकही रिकामा असला की तो माणूस बाद. रिकाम्या जागा बऱ्याच असतील तर मिक्स्ड मॉडेल (माणसामाणसातला फरक वेगळा धरणारी पद्धत) बरे, त्यात क्रमांकाचा रकाना थेट वापरता येतो.

काही कामांना मात्र आडवी मांडणीच लागते. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात, याचे माप) काढायचा किंवा एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपीटेड मेझर्स अनोव्हा (त्याच माणसांच्या अनेक गुणांच्या सरासरींची तुलना) करायचा असेल तर पहिल्या पायरीत जपलेली शीट काढा आणि तिसऱ्या पायरीतले आकडे तिच्या प्रतीतही भरून घ्या.