टपावर सामान चढवण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून कोकणात जायचं ठरलं की घरातली माणसं पाच, गाडी छोटी आणि दोन बॅगा ठेवल्या की डिकी लागत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, "टपावर कॅरिअर टाकू की." जरूर टाका, पण निघायच्या आदल्या संध्याकाळी नको. निदान पंधरा दिवस हातात ठेवा, कारण आधी टप नीट पाहायचा असतो, सामानाचं नंतर. टपावरचं ओझं पत्र्यावर बसता कामा नये, ते गाडीच्या सांगाड्यावर उतरलं पाहिजे. कॅरिअर बनवणाऱ्यांनी इतकी वर्षं डोकं लावलं ते मुख्यतः याच गोष्टीसाठी. आपल्यालाही दुकानात जाण्याआधी तीच तपासायची आहे.

एखाद्या सकाळी ऊन चढण्याआधी ओलं फडकं घेऊन टपाच्या दोन्ही कडा पुसून काढा आणि हात फिरवून पाहा. अँबेसिडर, पद्मिनी, ओम्नी या गाड्यांच्या टपाला पावसाचं पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हळ असायची. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत ठेवायचे, खालून आकडा, वरून नट, की काम झालं. टप आणि बाजूचा पत्रा तिथेच एकत्र जोडलेले असल्याने ती जागा भक्कम असायची, आणि एकाचं कॅरिअर दुसऱ्याच्या गाडीवर सहज बसायचं. आमच्या गल्लीत एकच कॅरिअर लग्नसराईभर या घरून त्या घरी फिरायचं. बहुतेक नव्या गाड्यांवर ही उघडी पन्हळ राहिली नाही. वारा तिथे अडायचा, आवाज यायचा. त्यामुळे आता ‘कोणतंही कॅरिअर द्या’ असं म्हणून चालत नाही.

आज तुमच्या हाताला चारपैकी एक प्रकार लागेल. पहिला, टपापासून उंच असलेली रेलिंग, जिच्याखालून बोटं आरपार जातात. दुसरा, टपाला चिकटून असलेली रेलिंग, जिच्याखाली फट नसते. तिसऱ्यात टपाच्या कडेच्या पट्टीला छोटी झाकणं असतात आणि खाली बोल्टसाठी तयार आटे. चौथा, अगदी गुळगुळीत टप. गुळगुळीत टपासाठी काढलेला उपाय मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. कॅरिअरचा पाय दाराच्या बरोबर वर, टपाच्या कडेला रबरी गादीवर टेकतो आणि त्यातून निघालेली पोलादी क्लिप दाराच्या चौकटीत, रबराच्या आत जाऊन अडकते. बोल्ट आवळला की क्लिप खाली ओढते, गादी वरून दाबते आणि टपाच्या कडेची जाड तुळई मधोमध पकडली जाते. पाय सगळ्या गाड्यांना तोच, पण गादी आणि क्लिप प्रत्येक मॉडेलच्या वळणाप्रमाणे वेगळी. म्हणून दुकानात गाडीचं नाव, मॉडेल आणि वर्ष तिन्ही सांगा. ‘थोडं वाकवलं की बसेल’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. वाकवलेली क्लिप दार लावताना रबर कापते, आणि पहिल्या पावसात पाणी सीटवर येतं.

रेलिंग असलेल्यांनी निर्धास्त होऊ नये. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांवरची रेलिंग नुसती शोभेची असते. ती क्लिपांवर किंवा चिकटपट्टीवर बसवलेली असते, तिच्यावर पाच किलोही टाकायचं नसतं. हे मी गमावून शिकले. तीन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने आमच्या गाडीच्या रेलिंगला वेल्डिंग केलेलं कॅरिअर आवळून दिलं, मीही काही विचारलं नाही. सांगोल्याच्या अलीकडे टपावर खडखड सुरू झाली. उतरून पाहिलं तर डावी रेलिंग पुढच्या टोकाला बोटभर उचकटली होती आणि कॅरिअरचा मागचा पाय पत्र्यात रुतून वाटीएवढा खड्डा पडला होता. मागच्या सीटवर माझी आई बसली होती आणि आम्ही नव्वदच्या वेगात होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा. टपावर वजन चालतं की नाही, चालत असेल तर किती, हे तिथे लिहिलेलं असतं. नसेल किंवा ‘नाही’ असं असेल, तर टपाचा विचार सोडा आणि बॅगा कमी करा.

पुस्तकातला आकडा एकट्या सामानाचा नसतो, त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं. समजा मर्यादा 50 किलो आहे. दोन बार आणि चार पाय मिळून 5 किलो, वरची जाळी 12 किलो, म्हणजे सामानाला उरले 33 किलो. हा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो. शिवाय हा आकडा चालत्या गाडीचा असतो. उभ्या गाडीचा टप त्याहून कितीतरी जास्त झेपवतो. म्हणून अंगणात दोन माणसं वर बसली तरी काही झालं नाही, यावरून रस्त्यावरचं काही ठरत नाही. ब्रेक, खड्डा आणि वळण यांत तेच वजन पायांना कितीतरी जड होऊन ओढतं. आठवडाभर आधी घरच्या वजनकाट्यावर एकेक बॅग ठेवून कागदावर आकडे मांडा. जड ते डिकीत, हलकं आणि फुगीर ते वर. गाद्या, उशा, चादरींचं बोचकं, मुलांचे कपडे वर जाऊ द्या. पाण्याचा जार, कडक भाकरीचा डबा आणि शेंगा चटणीच्या बरण्या खालीच. आंबा घाटाच्या वळणांवर हा फरक स्टेअरिंगला जाणवतो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणाऱ्यांना जवळून पाहिलं असेल, तर वेगळं सांगायला नको. काठी सरळ आहे तोवर ठीक, जरा कलली की सगळ्यांचे हात धावतात. वजन जितकं उंचावर, तितकं ते कलल्यावर सावरणं अवघड.

आता बार. चौकोनी लोखंडी पाइपचे बार स्वस्त आणि दणकट असतात, पण वाऱ्यात शीळ घालतात. गोल किंवा चौकोनी दांड्याच्या मागे वाऱ्याचे भोवरे एकदा वर, एकदा खाली असे ठरावीक तालात सुटतात, त्याचीच ती शीळ. विमानाच्या पंखासारखा छेद असलेले ॲल्युमिनियमचे बार आले ते यासाठी. वारा त्यांच्यावरून शांतपणे सरकतो, आवाज घटतो, डिझेलही थोडं वाचतं. स्वीडनमधली थुले ही 1942 सालची कंपनी या कामातलं मोठं नाव, पण आता या आकाराचे बार इतरही बनवतात. घेताना बारच्या वरच्या अंगाला इंग्रजी टी अक्षरासारखी खाच आणि तिच्यात रबरी पट्टी आहे का ते बघा. त्या खाचेत बोल्टचं डोकं सरकवून पेटी, सायकलचा स्टँड किंवा जाळी हवी तिथे बसवता येते, बारला आकडे गुंडाळावे लागत नाहीत. रबरी पट्टीमुळे सामान घसरत नाही. खोक्यावर आयएसओ 11154 लिहिलेलं असेल तर उत्तम. टपावरच्या कॅरिअरसाठीचं ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. जुने गोल बार घरात असतील तर टाकू नका, त्यांच्यावर बारीक दोरी गोल जिन्यासारखी तिरकी गुंडाळा. भोवऱ्यांचा ताल मोडतो आणि शीळ बरीच कमी होते. उंच पोलादी धुराड्यांच्या टोकाला तिरक्या पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात, त्याही याच कारणासाठी.

व्हॅक्यूमच्या चकत्यांवर चिकटणारे आणि हवा भरून फुगवायचे कॅरिअरही मिळतात. चांगल्या, स्वच्छ टपावर ते काम करतात. पण आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि दुपारी हात न लावण्याइतका तापणारा टप पाहता मी घरच्यांना घेऊन जाताना त्यांच्यावर भरवसा ठेवणार नाही.

बसवण्याचं काम निघायच्या चार दिवस आधी करा, आणि सकाळी करा. पायांखालची जागा धुऊन कोरडी करा, कारण एक खडा गादीखाली राहिला तरी रंग खरवडतो. सोलापुरात चादर प्रत्येक कामाला हाताशी असते, त्यामुळे पायाखाली जुन्या चादरीचा तुकडा घालायचा मोह होतो. घालू नका. कापड सरकतं, धूळ धरतं आणि रबराची पकड घालवतं. चादर सामानाखाली अंथरा, तिथे ती हवीच. दोन बारमधलं अंतर पुस्तकात दिलंय तेवढंच ठेवा. सनरूफ असेल तर काच उघडून बघा, ती बारला घासता कामा नये.

आवळताना चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने. एक बाजू पुरी आवळून मग दुसरीकडे गेलात तर बार तिरका बसतो. चांगल्या कॅरिअरबरोबर येणारी किल्ली ठरावीक जोर लागला की ‘कट्’ करते आणि पुढे नुसती फिरते. साधी गोष्ट, पण तिच्यामुळे ढिलं राहत नाही आणि जास्त आवळून पत्राही दबत नाही. होटगी रोडवरच्या ज्या अण्णांकडे मी गाडी नेते, त्यांनी माझ्या हातात ती किल्ली दिली आणि म्हणाले, "ताई, तुमच्या हातानं आवळा. वाटेत मी नसणाराय." चौथ्या बोल्टला कट् ऐकू आलं तेव्हा त्यांनी पुढचा बार दोन्ही हातांनी धरून जोरात हलवला. गाडी स्प्रिंगांवर डावी-उजवी डोलली, बार मात्र तसूभर सरकला नाही. हीच परीक्षा. गाडी हलली पाहिजे, बार नाही. नंतर चारही दारं लावून-उघडून पाहा, रबर कुठे दुमडत नाही ना ते बोटाने चाचपा.

बांधायला नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि उन्हात कुजते. विणलेले पट्टे घ्या. मऊ सामानाला दाबाचं बक्कल पुरतं. कटकट करत आवळणारं रॅचेट फक्त कठीण, जड वस्तूला, नाहीतर बॅगेची चेन फाटते. पट्टा बारला बांधायचा, रेलिंगला किंवा दाराच्या मुठीला नाही. मोकळ्या भागात पट्ट्याला एक पीळ द्या, सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो तो गप्प होतो. उरलेली टोकं गाठ मारून आत खोचा. ताडपत्रीची पुढची कड सामानाखाली दुमडून घ्या. ती वाऱ्याला तोंड उघडून राहिली की शिडासारखी फुगते. आणि लांब वस्तू, म्हणजे शिडी किंवा पाइप असेल, तर पुढून बॉनेटकडे आणि मागून डिकीकडे वेगळे ताण हवेत. सामान गाडीच्या बाजूंनी, पुढे-मागे किंवा परवानगीपेक्षा उंच डोकावलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1अ) खाली 20,000 रुपये दंड आहे. माणसांनी टपावर बसण्याचा प्रश्नच येत नाही.

सामान चढवल्यावर जमिनीपासून सगळ्यात वरच्या टोकापर्यंत टेपने उंची मोजा आणि आकडा स्टेअरिंगशेजारी चिकटवा. रेल्वेच्या पुलाखालचे उंचीचे आडवे दांडे, हॉटेलचं तळघरातलं पार्किंग, इथे तो लागतो.

मंगळवेढ्याच्या बाजूला रस्ता सरळ, माळ उघडा, आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जड होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी 80 वरून 100 वर गेलात की ओढ दीडपटीहून जास्त होते. टपावर काही असताना मी 80 च्या वर जात नाही. पहिल्या पन्नासेक किलोमीटरवर चहाला थांबा आणि चहाआधी चारही बोल्ट, सगळे पट्टे हाताने तपासा. नव्या गाद्या दाबून बसतात आणि बोल्ट थोडा सैल होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आवळायला किल्ली डिकीच्या तळाशी पुरलेली नको, समोरच्या कप्प्यात हवी. नंतर कोल्हापूरला एकदा, घाट उतरल्यावर एकदा.

परत आल्यावर कॅरिअर उतरवा. रिकामं असलं तरी ते वारा अडवतं आणि इंधन खातं. कोकणातली खारी हवा लागलेली असते, तेव्हा साध्या पाण्याने धुवा, वाळवा, बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या पायात गंजून बसला की पुढच्या दिवाळीला निघत नाही. पायांवर ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ असं मार्करने लिहून ठेवा. आमचे बोल्ट, क्लिपा आणि ती किल्ली चटणीच्या एका रिकाम्या बरणीत असतात, आणि बरणीला गाडीच्या मॉडेलचं नि वर्षाचं लेबल आहे.