पुनर्विकासाआधी ई-मेलवर सभासदांचं मत मागवताना: समितीच्या तयारीची यादी

गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला की बोलतात ते ठरलेले चार-पाच जण. बाकीचे ऐकून घेतात आणि मनातलं जिन्यात एकमेकांना सांगतात. काही सभासद मुलाकडे बंगळुरूला असतात, काहींनी फ्लॅट भाड्याने दिलेला असतो आणि ते स्वतः परदेशात. या सगळ्यांचं म्हणणं निर्णय व्हायच्या आधी समितीच्या कानावर पडायला हवं, आणि त्यासाठी ई-मेलवरची प्रश्नावली फार उपयोगी पडते. मात्र ती पाठवण्यापूर्वी बरंच काही जुळवून ठेवावं लागतं.

सगळ्यात आधी समितीने बसून कागदावर एक वाक्य लिहावं: या उत्तरांवरून आपण नेमकं काय ठरवणार? विकासक नेमायचा की स्वयंपुनर्विकास करायचा, म्हणजे संस्थेनेच इमारत बांधून घ्यायची, याचा कल पाहायचा आहे? की सध्या मोठी दुरुस्तीच करावी असं किती जणांना वाटतं, ते जाणून घ्यायचं आहे? वाक्य लिहिता येत नसेल तर प्रश्नावली थांबवा. उत्तरं काहीही आली तरी अमुक विकासकाशीच बोलायचं असं आधीच ठरलेलं असेल, तर ती मुळीच पाठवू नका. एकदा मत विचारून बाजूला सारलं, की तो सभासद पुढच्या वेळी उत्तर देत नाही आणि समितीच्या इतर कागदांवरही विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट मेलच्या पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट असावी: हे मतदान नाही आणि ही संमतीही नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या शासन निर्णयात विशेष सर्वसाधारण सभा, तिची गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती अशी रीतसर वाट घालून दिलेली आहे. ई-मेलवर ‘हो’ लिहिलं म्हणजे आपण सही करून बसलो, अशी भीती ज्येष्ठांना हमखास वाटते. ती आधीच काढून टाकली तर उत्तरं मोकळी येतात.

आता पत्त्यांची यादी. संस्थेच्या दप्तरातले ई-मेल पत्ते सहसा जुने असतात: कुणाचा निवृत्तीपूर्वीच्या कार्यालयातला, कुणाचा सुनेचा, कुणाचा फ्लॅट विकून गेलेल्या मालकाचा. प्रत्येक घरी फोन करून पत्ता पडताळा आणि तिथे मेल पाठवला तर चालेल ना, हेही विचारून घ्या. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असा मेल पाठवू नका. पत्ते बीसीसीमध्ये टाका. या फोनाफोनीतच दुसरी यादी तयार होते, ती मेल न वापरणाऱ्यांची. माझ्या मते हीच यादी जास्त महत्त्वाची आहे. त्यांच्यासाठी तेच प्रश्न, त्याच क्रमाने, ठळक मोठ्या अक्षरांत छापून, त्याच दिवशी घरपोच द्या आणि उत्तरासाठी बंद पेटी ठेवा.

हे सोडून दिलं तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३६ साली लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने टपालाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून आल्फ लँडन अध्यक्ष होणार असं छापलं गेलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांमधून घेतलेले होते, आणि ज्यांनी उत्तर पाठवायची तसदी घेतली त्यांचा कल न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळा होता. आपल्या इमारतीतही मेलला झटपट उत्तर देणारे आणि तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी यांची गरज एकच असेल, असं धरून चालता येत नाही.

एका फ्लॅटमधून कुणी उत्तर द्यायचं, हेही ठरवा. भागदाखल्यावर पुष्कळदा नवऱ्याचं नाव असतं. पण पाणी किती वाजता जातं, स्वयंपाकघराला उजेड कुठून येतो, दोन वर्षं भाड्याच्या घरात गेल्यावर मुलांच्या शाळेचं काय होईल, हे बायकोला जास्त ठाऊक असतं. कौल फ्लॅटगणिक मोजा, पण सूचना लिहिण्याची जागा घरातल्या प्रत्येकाला खुली ठेवा.

नाव विचारायचं की नाही, यावर समितीत वाद होईल. तो होऊ द्या. माझं मत नाव न विचारण्याच्या बाजूचं आहे, पण मग वचन पुरतं पाळायला हवं. गूगल फॉर्म वापरत असाल तर ई-मेल पत्ते गोळा करण्याची सोय बंद आहे ना, ते स्वतः उघडून पाहा. एकाने एकदाच उत्तर द्यावं अशी अट घातली तर गूगल खात्यात शिरावं लागतं, आणि तिथेच काही जण माघारी फिरतात. शिवाय २४ फ्लॅटच्या इमारतीत विंग, मजला आणि वय असे तीन प्रश्न विचारले की नाव न विचारताही माणूस ओळखू येतो. ज्याची गरज नाही ते विचारू नका.

प्रश्न लिहायला सगळ्यात जास्त वेळ द्या. दहाच्या आसपास पुरेत. ‘वाढीव जागा आणि कॉर्पस (विकासक सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) मिळणार असेल तर पुनर्विकास हवा का?’ हा एक प्रश्न नाही, यात तीन आहेत, आणि उत्तरही आधीच सुचवलेलं आहे. त्याऐवजी ‘खालीलपैकी तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं?’ असं विचारून वाढीव जागा, कॉर्पस, लिफ्ट, पार्किंग, लवकर ताबा असे पर्याय वेगवेगळे द्या. जागेबद्दल विचाराल तिथे कार्पेट (भिंतींच्या आतलं माप) की बिल्ट-अप (भिंती धरून माप) ते लिहाच. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या मनातल्या मापाने उत्तर देईल. ‘अजून ठरवलेलं नाही’ हा पर्याय प्रत्येक ठिकाणी हवा. किती जण अजून द्विधा मनाने आहेत, हे कळणंही समितीला लागतंच. देखभाल खर्च वाढला तर दरमहा किती झेपेल, हा प्रश्न नाजूक आहे. तो शेवटाकडे ठेवा, नेमका आकडा न मागता टप्पे द्या आणि उत्तर सक्तीचं करू नका. सगळ्यात शेवटी एक मोकळी चौकट: ‘तुमची सर्वांत मोठी काळजी कोणती?’

मग तिघांकडून चाचणी. त्यातले एक सत्तरीचे असावेत आणि त्यांनी ती स्वतःच्या फोनवर भरावी. प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळतील तिथे वाक्य बदला.

मेल संस्थेच्या नेहमीच्या पत्त्यावरूनच जावा. अनोळखी लिंक उघडू नका, असं आपणच आईवडिलांना सांगत असतो. म्हणून दोन दिवस आधी सूचनाफलकावर मेलचा विषय आणि पाठवणारा पत्ता लावा, आणि यात ओटीपी, आधार, पॅन किंवा बँकेचा तपशील कधीही विचारला जाणार नाही, असं खाली लिहा. गणपती, दिवाळी, मार्चअखेर आणि मे महिना टाळा. मुदत दहा दिवसांची ठेवा, एक आठवण मध्ये, एक आदल्या दिवशी. नावं घेतलेली नाहीत, त्यामुळे आठवण सगळ्यांनाच जाईल. ‘उत्तर दिलं असेल तर आभार’ एवढं त्यात असू द्या.

निकाल कधी कळवणार ती तारीख पहिल्याच मेलमध्ये टाका. निकालात किती फ्लॅटना प्रश्न गेले, किती उत्तरं मेलवर आली, किती पेटीत पडली, हे आधी लिहा, टक्केवारी नंतर. मोकळ्या चौकटीतलं म्हणणं देताना आजारपण, कर्ज, घरातले वाद असा ओळख पटवणारा तपशील गाळा. मूळ उत्तरं फक्त दोघांनाच पाहता येतील अशी व्यवस्था करा. विशेष सर्वसाधारण सभा होऊन गेली की फॉर्म, उतरवून घेतलेल्या प्रती आणि पेटीतले कागद नष्ट करा, आणि तसं केल्याची नोंद समितीच्या इतिवृत्तात घ्या.