आधी काय तुटलं? विमान अपघाताच्या तपासात या चुका टाळा

10 जानेवारी 1954. रोमहून लंडनला निघालेलं कॉमेट हे ब्रिटिश जेट प्रवासी विमान इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं आणि 35 माणसं गेली. विमानात ब्लॅक बॉक्स नव्हता, अवशेष पाण्याखाली होते. इंजिनाजवळ आग लागली असावी, हे कारण सगळ्यांना पटण्यासारखं होतं. मग आगीचा आणि इतर शक्यतांचा विचार करून साठेक बदल केले गेले आणि 23 मार्चला कॉमेट पुन्हा उडू लागली. 8 एप्रिलला दुसरं कॉमेट नेपल्सजवळ कोसळलं. आणखी 21 माणसं.

तपासातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पटणारं कारण हाती लागलं की शोध थांबतो. आदल्या वर्षी, 2 मे 1953 रोजी, कोलकात्याच्या दमदम विमानतळावरून उडालेलं कॉमेट काही मिनिटांतच वादळात तुटून पडलं होतं. त्यात 43 जण गेले. भारतात झालेल्या चौकशीत वाऱ्याचे जबरदस्त झोत किंवा वादळात वैमानिकाकडून नियंत्रणांवर पडलेला जादा जोर, असं कारण निघालं. वादळ खरंच होतं, म्हणून ते पटलंही. पण रचना तुटल्याचा संशय असेल तेव्हा ‘वादळ होतं’ एवढ्यावर थांबू नका. झोत किती जोराचा होता आणि तेवढ्यात हा सांगाडा तुटायला हवा होता का, हे गणित मांडल्याशिवाय ते उत्तर पुरं होत नाही.

नेपल्सनंतर इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात संचालक आर्नल्ड हॉल यांच्या चमूने तसा कसून तपास केला. एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवलं, आत पाणी भरलं आणि केबिनमधला दाब उड्डाणात वाढतो-उतरतो तसा पुन्हा पुन्हा वाढवला, उतरवला. पाणीच का? हवा भरून केबिन फुटली असती तर स्फोटासारखी उडाली असती आणि पुरावा हातचा गेला असता. पाण्यात ती नुसती फाटते. आधीची खरी उड्डाणं धरून 3,000 वर थोड्या फेऱ्या झाल्या आणि केबिन फाटली. एल्बाचं विमान 1,290 उड्डाणांतच गेलं होतं, नेपल्सचं 900 मध्ये. हा मेटल फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून चिरत जाणाऱ्या धातूचा थकवा होता.

मग कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत केबिनचा नमुना 16,000 हून अधिक फेऱ्या कसा टिकला? त्याच नमुन्यावर आधी नेहमीच्या दुप्पट दाबाची ताकदीची चाचणी झालेली होती. त्या दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांपाशी धातू किंचित ताणला गेला आणि थकव्याला जास्त दाद देईनासा झाला. प्रवासी बसणाऱ्या विमानांना ती सवलत नव्हती. म्हणून चाचणीचा अहवाल हाती आला की निकालाआधी एक गोष्ट बघा: या नमुन्यावर याआधी काय काय झालं आहे?

आणि ‘कॉमेट चौकोनी खिडक्यांमुळे पडलं’ हे वाक्य जरा जपून वापरा. एल्बाच्या विमानाची चीर प्रवाशांच्या खिडकीपाशी सुरू झालीच नव्हती. ती छतावरच्या, रेडिओ अँटेनासाठी ठेवलेल्या खिडकीच्या कोपऱ्यात सुरू झाली. तो तुकडा ऑगस्ट 1954 मध्ये एका इटालियन मासेमारी बोटीच्या जाळ्यात आला. तो सापडेपर्यंत टाकीतल्या निष्कर्षाला समुद्रातून निघालेला साक्षीदार नव्हता.

आता प्रत्यक्ष जागेवरच्या चुका. मोडलेल्या कपाचे तुकडे आपण जुळवून बघतो, तसाच मोह इथेही होतो. तो आवरा. तुटलेल्या दोन कडा एकमेकींना भिडवल्या की त्यांच्यावरच्या बारीक खुणा घासून जातात, आणि निदान त्याच खुणांवर होतं. थकव्याने वाढलेल्या चिरेवर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा एकाआड एक वक्र रेषा दिसतात. त्या जिकडे एकवटतात तिथे सुरुवात झालेली असते. एकाच झटक्यात तुटलेला भाग खरखरीत, दाणेदार दिसतो. म्हणून पुसू नका, धुऊ नका, कडेवर बोट फिरवू नका. तुकडा हलवण्याआधी फोटो, जागेची नोंद आणि त्यावर चिठ्ठी.

नाक, शेपटी आणि दोन्ही पंखांची टोकं मुख्य ढिगाऱ्यात आहेत का, हेही पहिल्याच दिवशी मोजा. एखादं टोक नसेल तर ते आधी सुटलेलं असू शकतं. उड्डाणाच्या मार्गावर मागे जाऊन शोधा. हलके तुकडे वाऱ्याने सरकतात, तेवढी सूट धरा.

विमानाच्या कामगिरीचा प्रश्न असेल, म्हणजे विमान पुरेसं वेगाने का गेलं नाही, वर का चढलं नाही, तेव्हा यंत्रावरचा आकडा सरळ खरा धरू नका. 13 जानेवारी 1982 रोजी वॉशिंग्टनहून बर्फात उडालेलं एअर फ्लोरिडाचं बोइंग 737 पोटोमॅक नदीत पडलं, 78 जण गेले. इंजिनाच्या दाबाचं गुणोत्तर, म्हणजे इंजिन किती जोर लावतंय हे सांगणारा आकडा, 2.04 दाखवत होतं. दाब मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बंद झाल्या होत्या, इंजिनाचं बर्फरोधन बंद होतं आणि खरं गुणोत्तर सुमारे 1.70 एवढंच होतं. ते कळलं ते कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणातून: इंजिनांच्या आवाजाची पट्टी मोजून तपासनीसांनी त्यांची खरी शक्ती काढली. वैमानिक बोलले ते ऐकताना मागचा घरघराट वगळू नका.

शेवटची चूक म्हणजे दुरुस्तीच्या जुन्या नोंदी उशिरा मागणं. 12 ऑगस्ट 1985 रोजी जपान एअर लाइन्सचं बोइंग 747 गुनमाच्या डोंगरात कोसळलं. विमानातल्या 524 पैकी 520 जण गेले. शेपटीच्या उभ्या पंखाचा भाग मात्र दूर सागामीच्या उपसागरात तरंगताना सापडला, म्हणजे तो आधीच सुटला होता. कारण होतं 7 वर्षांपूर्वीचं. 1978 मध्ये ओसाकाला उतरताना शेपूट धावपट्टीवर आपटली आणि केबिनच्या मागच्या दाबभिंतीची, म्हणजे आतली दाबाची हवा अडवून धरणाऱ्या भिंतीची, दुरुस्ती झाली. जोडपट्टी एकसंध हवी होती, ती दोन तुकड्यांत बसवली. त्यामुळे रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, दोन ओळींनी पेलायचा भार एकाच ओळीवर आला, आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसत नव्हतं. शेवटी ती भिंत फुटली आणि आतल्या हवेच्या झोताने शेपटीचा उभा पंख तुटला.