युएपीएत नव्वद दिवस कसे मोजायचे

युएपीएत, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्यात, अटक झाली की घरचे लोक आधी मोठा वकील शोधतात. शोधावाच, पण त्याच दिवशी रिमांडच्या (कोर्टाने कोठडी दिल्याच्या) आदेशाच्या सर्टिफाइड कॉपीसाठीही अर्ज टाका. कलम ४३-ड(५)मुळे नेहमीचा जामीन इथे महाकठीण. ९० दिवसांच्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर मिळणारा डिफॉल्ट जामीन मात्र हक्काचा.

मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि तो दिवस धरून. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा वाद मिटवला. रिमांड १ जुलैचा असेल तर जुलै-ऑगस्टचे ६२ आणि सप्टेंबरचे २८, म्हणजे ९०वा दिवस २८ सप्टेंबर. तोवर दोषारोपपत्र किंवा मुदतवाढ नसेल तर २९ ला कोर्ट उघडताच अर्ज द्या आणि आवक शिक्क्यावर वेळही घालून घ्या. दुपारी दोषारोपपत्र आलंच तर ती वेळच वाचवते. जामीनदार आधीच तयार हवा. कोर्टाने दिलेल्या वेळेत हमी भरली नाही आणि तेवढ्यात दोषारोपपत्र दाखल झालं, तर हातातला हक्क जातो.

मुदतवाढ एकूण १८० दिवसांपर्यंत मिळते, पण तपास अधिकाऱ्याच्या नुसत्या अर्जावर नाही. सरकारी वकिलाचा अहवाल लागतो: तपास कुठवर आला, कोठडी अजून का हवी. 'तपास चालू आहे' हे कारण नव्हे. त्या सुनावणीला आरोपी हजर हवा, निदान व्हिडिओवर तरी (सर्वोच्च न्यायालय, २०२२). रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) त्याची हजेरी आहे का, ते बघा.

पुढे कलम ४५ची, म्हणजे खटला चालवायला सरकारने द्यायची मंजुरी. पुरावा तपासणाऱ्या प्राधिकाऱ्याची शिफारस आणि सरकारची मंजुरी यांना प्रत्येकी सात कामाचे दिवस. दोन्ही कागदांच्या तारखा शेजारी मांडा. हा निव्वळ तांत्रिक मुद्दा, असं म्हणणारे भेटतीलच. गडचिरोली सत्र न्यायालयाने जन्मठेप दिलेले दिल्ली विद्यापीठातले माजी प्राध्यापक जी. एन. साईबाबा नागपूर खंडपीठातून ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरीच्याच मुद्द्यावर दोषमुक्त ठरले होते: त्यांच्याविरुद्धची मंजुरी आली ती आरोप निश्चित झाल्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवलं, तरी ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने त्यांना पुन्हा सोडलं. मधल्या काळात ते नागपूर कारागृहातच होते. म्हणून हा मुद्दा अपिलासाठी राखू नका, आरोप निश्चितीआधीच लेखी मांडा.

फोन टॅपिंगचा पुरावा असेल तर कलम ४६ वाचा: टॅपिंगच्या आदेशाची प्रत खटल्याच्या किमान १० दिवस आधी आरोपीला मिळायला हवी. नसेल मिळाली, तर संभाषण वाचायला घेण्याआधी हरकत नोंदवा.