पेंटबॉलच्या सरावात टॉर्च आन साईटची काच वाचवा

साताऱ्यात आमच्या पेंटबॉलच्या, म्हणजे बंदुकीनं एकमेकांवर रंगाचे गोळे मारायच्या खेळाच्या, सरावात मागच्या पावसाळ्यात एका पोराच्या टॉर्चची काच पहिल्याच राऊंडला फुटली, साधारण १७ मिमीचा गोळा सेकंदाला ८०-९० मीटरनं येतोय म्हणल्यावर काच टिकणार कशी. तवापासून टॉर्च आन रेड डॉट साईटपुढं (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारं भिंग) २-३ मिमी पॉलीकार्बोनेटचा (चिवट पारदर्शक प्लास्टिक) तुकडा कापून लावतो, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं गच्च आवळून, एकदम घट्ट बसतो. दुकानदार ॲक्रेलिक देतो कधीकधी, ते तडकतं, म्हणून एक कोपरा वाकवून बघूनच घ्या. वॉकीटॉकीचा स्क्रीन अंगाकडं ठेवा. रंग साध्या पाण्यानं जातो, थिनर अजिबात नको, पॉलीकार्बोनेटला बारीक तडे जातात. डोळ्यांसाठी मात्र जुगाड नको, पेंटबॉलचाच मास्क घाला.